दर सोमवारी 'कनेक्शन सुरक्षित नाही': पेल मून, जुना डबा आणि मेलेला सेल

उत्तर आधीच सांगते, कारण निम्मे लोक तेवढ्यासाठीच आलेले असतात. जुन्या कॉम्प्युटरवर पेल मून (किंवा कुठलाही ब्राउझर) सुट्टीनंतरच्या दिवशी सगळ्याच साइट्सना 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर ब्राउझरला हात लावू नका. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. वर्षच चुकलेलं असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल संपलाय. सेल बदलल्यावरही एखादी साइट 'तुम्ही माणूस आहात का' याच पानावर गरगरत राहिली, तर आजवर केलेले सगळे उपाय उलट्या क्रमाने काढायला घ्या. माझ्याकडे हे दोन्ही एकाच मशीनवर होतं, आणि दुसरा बिघाड माझ्याच हातचा होता.

आता सविस्तर.

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन-चार अडत दुकानांचे हिशोब मी बघते. हिशोबाबरोबर त्यांचे कॉम्प्युटरही गळ्यात पडलेत. त्यातल्या हळदीच्या दुकानात २०१० च्या आसपासचा एक डबा आहे: ड्युअल कोर, २ जीबी रॅम, विंडोज ७. दुकानाचे दिवाणजी काका त्यावर बसतात. बाजारभाव, पेपर, हवामान, झालंच तर पंचांग, एवढंच त्यांचं इंटरनेट. नवा घ्या म्हटलं की मालकांचं एकच उत्तर, "चालतोय की."

विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढं जात नाही आणि फायरफॉक्स ११५ वर थांबतो. त्यात २ जीबी रॅम म्हणजे तीन टॅब उघडले की चहा पिऊन यायचं. म्हणून २०२३ मध्ये मी काकांना पेल मून टाकून दिला. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: हा फायरफॉक्सपासून फुटलेला मुक्त स्रोत ब्राउझर, ऑक्टोबर २००९ पासूनचा. सुरुवातीला तो फायरफॉक्सचीच जरा तासून-घासून बांधलेली आवृत्ती होता. पुढं फायरफॉक्सने २०१४ मध्ये चेहरा बदलला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीत जुनी अॅड-ऑन्स (ब्राउझरला वरून जोडायच्या सोयी) मोडीत काढली. पेल मूनने जुना चेहराही ठेवला आणि जुनी अॅड-ऑन्सही. इंजिन, म्हणजे साइटचं पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, २०१६ पासून वेगळं झालं. फायरफॉक्सच्या इंजिनाचं नाव गेको, म्हणजे पाल. पेल मूनवाल्यांनी आपल्या फाट्याला नाव दिलं गोआना, म्हणजे ऑस्ट्रेलियातली घोरपड. पालीची घोरपड झाली! काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग चिकटून बसंल की ती." आणि बसलीसुद्धा. मेनू वर, बटणं जागच्या जागी, त्यामुळे काकांना काही नव्यानं शिकावं लागलं नाही.

तक्रार

साधारण वर्षभर दर सोमवारी साडेदहाला फोन. "पोरी, सोमवार आला. इंटरनेट बिघडलंय, ये की."

मी दुपारी जेवणानंतर जायची. स्क्रीनवर पाच-सहा टॅब, प्रत्येकावर तोच पिवळा इशारा. मी कॅशे साफ करायची, रिफ्रेश मारायची, साइट उघडायची. काका खूश, मी खूश. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग मी आणखी काहीतरी करायची. एकदा अॅड-ऑन्स काढली, एकदा अख्खा ब्राउझर काढून परत टाकला, एकदा कुठल्याशा सेटिंगमध्ये ओळ घातली. प्रत्येक उपाय लागू पडायचा! सहा दिवस.

आता हसू येतं, पण खरी मेख इथेच होती. उपाय माझा नव्हताच. दुपारी बिलं काढायला बसलं की तारीख चुकीची छापून येते, म्हणून काका जेवायच्या आधी स्वतःच तारीख बरोबर करून ठेवायचे. मी पोचेपर्यंत रोग बरा झालेला असायचा, मी फक्त रिफ्रेश मारून श्रेय घ्यायची. काकांच्या लेखी तारीख हा बिलांचा प्रश्न आणि इंटरनेट हा माझा प्रश्न. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं, आणि मी कधी विचारलं नाही.

एका सोमवारी दुसऱ्या दुकानातलं काम लवकर आटपलं म्हणून मी नऊलाच पोचले. काकांनी मेन स्विच टाकला, उदबत्ती ओवाळली, कॉम्प्युटर चालू केला. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या: सीमॉस (सेलवर जपली जाणारी सेटिंगची नोंद) चेकसम चुकलंय, पुढं जायला एफ१ दाबा. काकांनी न बघता एफ१ दाबलं.

"हे काय हो काका?"

"ते सोमवारचं आसतंय. एफ वन दाबलं की हुतंय चालू."

वर्षभर मशीन ओरडून सांगत होतं आणि काकांनी त्याला उदबत्तीसारखाच रिवाज करून टाकला होता.

सोमवारच का?

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. पण प्लग लावलेला आणि बटण चालू असेल, तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) मशीन बंद असतानाही थोडा ५ व्होल्टचा पुरवठा देत राहतो आणि घड्याळ त्याच्यावर भागवतं. म्हणून मंगळवार ते शनिवार काही कळत नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र काका दुकानाचा मेन स्विचच पाडतात, कारण आत बारदानाच्या थप्प्या असतात आणि शॉर्टसर्किटची भीती. रविवारी यार्ड बंद. सेल मेलेला, त्यामुळे घड्याळ थांबतं आणि सोमवारी मशीन उठतं ते १ जानेवारी २००९ ला.

तुमच्याकडे सोमवारऐवजी भारनियमनाचा वार असेल, किंवा 'लाइट गेली की होतं' अशी तक्रार असेल. मूळ तेच.

तारीख चुकली तर साइट का उघडत नाही? प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर रेशनच्या कूपनासारख्या दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. मोफत मिळणारी बरीचशी प्रमाणपत्रं ९० दिवसांचीच असतात. ब्राउझर त्या तारखा तुमच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २००९ मध्ये असेल तर आजचं प्रत्येक प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने भविष्यातलं. इशाऱ्याच्या पानावर 'टेक्निकल डिटेल्स' उघडा. त्यात 'नॉट येट व्हॅलिड' असे शब्द असतील तर घड्याळ मागे आहे, दुसरं काही शोधूच नका. 'एक्स्पायर्ड' असेल तर घड्याळ पुढे पळालंय किंवा त्या साइटवाल्यांनीच नूतनीकरण केलेलं नाही. सगळ्याच साइट्स रडत असतील तर दोष तुमचा, एकच रडत असेल तर बहुतेक तिचा.

खात्री करायची आणखी एक गंमतशीर जागा म्हणजे इतिहास. जुन्या साध्या एचटीटीपीच्या साइट्सना प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे त्या चुकीच्या तारखेतही उघडतात. काकांच्या पेल मूनमध्ये इतिहास तारखेने लावला तर तळाला जानेवारी २००९ च्या नोंदी निघाल्या. म्हणजे ब्राउझरच्या जन्माच्या नऊ महिने आधी काकांनी त्याच्यात हवामान बघितलं होतं!

"पण विंडोज आपोआप वेळ जुळवतं ना?" जुळवतं, पण घरगुती विंडोज ७ आठवड्यातून एकदाच विचारायला जातं. आणि फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर मूळ सेटिंगमध्ये ते दुरुस्ती नाकारतं. इथं फरक पंधरा-सोळा वर्षांचा. त्यामुळे आधी तारीख हाताने बरोबर करायची, मग 'इंटरनेट टाइम'मध्ये जाऊन एकदा 'अपडेट नाऊ'. टाइमझोनही बघून घ्या. भारताचा साडेपाच तासांचा सोडून दुसरा असेल तर घड्याळात आकडे बरोबर दिसतात आणि ब्राउझर तरीही वेगळीच वेळ धरून चालतो.

सेल बदलणं

प्लग काढा. नुसतं बटण बंद नको, प्लगच. मग पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेटची डाव्या बाजूची पत्री काढली आणि मला ठसकाच लागला. आत करडी धूळ नव्हती, पिवळीधमक हळद होती. पंख्याच्या पात्यांवर थर, हीटसिंकच्या फटी भरलेल्या, रॅमच्या स्लॉटच्या कडेला पिवळी रेघ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, या डब्यालाही द्यायला हरकत नाही. मऊ ब्रशने काढली, मग ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंख्यात बोट किंवा पेन्सिल घालून तो धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. आणि हे काम दुकानाच्या बाहेर करा, मी आत केलं आणि काकांचं पांढरं धोतर दिवसभर हळदीच्या समारंभातलं दिसत होतं.

सेल बहुतेक बोर्डांवर पट्ट्यांच्या (पीसीआय) स्लॉटजवळ असतो. कडेला एक बारीक क्लिप, ती नखाने किंवा चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच बाहेर ढकलली की सेल उडी मारून वर येतो. स्क्रूड्रायव्हर सेलखाली घालून उचकटू नका, बोर्डावर ओरखडा गेला तर बसा. जुना सेल मल्टिमीटरवर १.४ व्होल्ट दाखवत होता, नवा ३.१. अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवायचा. चाळीस रुपयांचं काम. घड्याळवाल्याकडे मिळतो, मात्र पाकिटातला घ्या. डब्यात सुटे पडलेले सेल एकमेकांना घासून आधीच अर्धे मेलेले असतात.

चालू केल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंगचं पान) जाऊन तारीख-वेळ भरा आणि हार्ड डिस्क जोडायची पद्धत (आयडीई की एएचसीआय) आधी होती तीच आहे का बघा. सेल काढल्यावर ते मूळपदावर जातं आणि पद्धत बदलली तर विंडोज निळ्या पडद्यावर आपटतं. मी आधीच मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता.

पुढच्या सोमवारी दहा वाजता फोन आला. "पोरी, आज त्यानं एफ वन मागितलंच न्हाई. बिघडलाय काय गं?"

"काका, सुधारलाय."

"मग ती बाजारभावाची साइट का गरगरतीया?"

दुसरा बिघाड, माझा

भावाची ती साइट आता पिवळा इशारा देत नव्हती. पण उघडताना मध्ये एक तपासणीचं पान यायचं, 'तुम्ही माणूस आहात याची खात्री करत आहोत', चौकोनात टिक करा, गोल फिरतो, पान ताजं होतं, पुन्हा तेच पान. काका वैतागून म्हणाले, "सत्तर वर्सं माणूसच हाय की."

पेल मूनवाल्यांना हा छळ अनोळखी नाही. २०२५ च्या सुरुवातीला अशाच एका मोठ्या तपासणी सेवेच्या पानावर पेल मूनसकट बरेच छोटे ब्राउझर अडकून पडले होते. त्यामुळे मीही आधी तिकडेच बोट दाखवलं. पण शेजारच्या दुकानातल्या पेल मूनमध्ये, त्याच आवृत्तीत, तीच साइट दोन सेकंदांत उघडली. म्हणजे घोळ आपल्याच ताटात.

घड्याळ चुकीचं असेल तरही हे गरगरणं होतं, कारण तपासणी पास झाल्याची जी खूण साइट देते तिलाही मुदत असते. ते आता बरोबर होतं. मग मेनूतल्या 'हेल्प'मधून अॅड-ऑन्स बंद ठेवून पुन्हा चालू केलं. तरीही तेच, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्याचा दोष नाही. ती खूण ज्यात राहते त्या कुकीजची सेटिंग बघितली, चालू होती. मग नवं प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा कोरा संच, करून बघितलं: रनमध्ये पेल मूनच्या नावापुढे उणे चिन्ह आणि मोठा पी लिहिला की प्रोफाइल निवडायची खिडकी येते. नव्या प्रोफाइलमध्ये साइट सरळ उघडली.

ही चाचणी सगळ्यात कामाची, तरी आपण ती शेवटी करतो. नव्या प्रोफाइलमध्ये चालतं म्हणजे ब्राउझर निर्दोष, नेटवर्क निर्दोष. जुन्या प्रोफाइलमध्ये कुणीतरी काहीतरी पेरलंय.

अॅड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, कॉन्फिग असं इंग्रजीत टाकलं, इशारा मान्य केला आणि वरच्या शोधपट्टीत 'युजरएजंट' हा शब्द जोडून लिहिला. यादीत एक ओळ ठळक अक्षरात. ठळक म्हणजे मूळची नाही, नंतर बदललेली. युजरएजंट ओव्हरराइड, पुढे त्या भावाच्या साइटचं नाव आणि समोर एका जुन्या फायरफॉक्सची पूर्ण ओळख टाइप केलेली. माझीच. मागच्या वर्षीच्या कुठल्याशा सोमवारी मीच घातली होती, आणि 'लागू पडली' म्हणून विसरले होते.

हे समजून घ्यायला हवं. प्रत्येक ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो. पेल मूनची मूळ ओळख लग्नपत्रिकेसारखी लांब आहे: मोझिला, गेको, गोआना, फायरफॉक्स आणि शेवटी पेल मून, सगळ्या भावकीची नावं. काही साइट्स अनोळखी नाव बघून दार लावतात, म्हणून एखाद्या साइटपुरतं 'मी फायरफॉक्सच' असं सांगायची सोय ओव्हरराइडमध्ये आहे. ब्राउझर बांधणाऱ्यांनी स्वतःही काही साइट्ससाठी अशा ओळी आतच घालून दिल्यात. त्या ठळक दिसत नाहीत, त्यांना हात लावू नका. पण हाताने घातलेली ओळ अपडेटबरोबर बदलत नाही. ब्राउझर पुढं जातो, ओळख जागीच गोठलेली. आणि तपासणीची पानं नुसतं नाव वाचत नाहीत, नावाप्रमाणे वागतो का तेही बघतात. सांगतोय फायरफॉक्स आणि वागतोय वेगळंच, असं दिसलं की तोतया ठरवतात. खरं नाव सांगितलं असतं तर आत घेतलं असतं.

त्या ओळीवर राइट क्लिक, 'रिसेट', ब्राउझर बंद करून चालू. त्या साइटच्या कुकीज तेवढ्या पुसल्या. साइट उघडली.

मग धीर करून ठळक अक्षरातल्या सगळ्याच ओळी चाळल्या. माझ्या आणखी दोन सापडल्या.  त्या मी काय विचाराने घातल्या देवाला माहीत. 'मी फायरफॉक्सच' एवढंच सांगायचं असेल तर 'प्रेफरन्सेस'मध्ये 'अॅडव्हान्स्ड'खाली ओळखीचे तीन तयार प्रकार आहेत, त्यातला फायरफॉक्सशी जुळवून घेणारा निवडा, तोच मूळचा असतो. हाताने ओळी लिहायचं धाडस नको.

तिसरी घाण प्रमाणपत्रांच्या अपवादांची. इशाऱ्याच्या पानावर 'मला धोका कळतो' म्हणून 'अॅड एक्सेप्शन' करता येतं, आणि मालकांच्या पुतण्याने एका सोमवारी घाईत तसं नऊ साइट्सना करून ठेवलं होतं, कायमचं. म्हणजे तीच प्रमाणपत्रं उद्या खरोखर मुदतबाह्य झाली तरी विचारणारा पहारेकरी आधीच हलका झालेला. 'अॅडव्हान्स्ड'मध्ये 'सर्टिफिकेट्स', 'व्ह्यू सर्टिफिकेट्स', 'सर्व्हर्स' इथं ते दिसतात. सगळे पुसले. आता एकाही साइटला अपवाद लागत नाही.

ज्याच्या मागे लागू नका

पेल मूनमध्ये वेबआरटीसी (ब्राउझरमधूनच थेट आवाज-चित्र पाठवायची सोय) नाही, त्यामुळे व्हिडिओ मीटिंग त्यात होणार नाही. पैसे भरून बघायच्या सिनेमा-मालिकांना लागणारं कुलूप, म्हणजे डीआरएम, तेही नाही. ही वगळलीत ती जाणूनबुजून, त्यावर सेटिंग शोधत रात्र घालवू नका. तो एकाच प्रोसेसमध्ये चालतो, म्हणून एक जड टॅब अख्खा ब्राउझर अडकवतो. २ जीबीवर 'टॅब निवडल्याशिवाय लोड करू नका' ही खूण तेवढी लावून ठेवा. 'आधीच चालू आहे' म्हणून ब्राउझर उघडत नसेल तर टास्क मॅनेजरमधून जुनं मारा, झालं.

जुनी आवृत्ती बरी होती म्हणून कुठून तरी उतरवून घेऊ नका. २०१९ च्या जुलैत पेल मूनच्या स्वतःच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यावर घुसखोरी झाल्याचं उघड झालं, आणि तिथल्या इंस्टॉलरमध्ये व्हायरस निघाला होता. चालू आवृत्तीच्या फायली त्यात नव्हत्या. मूळ साइटवरून, चालू आवृत्तीच घ्या.

आणि विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला सोडून दिलंय. ब्राउझर कितीही ताजा असला तरी खालची जमीन जुनीच. म्हणून या डब्यावर बँक नाही, पासवर्ड साठवणं नाही, फक्त भाव आणि पेपर. मालकांनी मध्ये एकदा "एवढं पेमेंट कर की यावरनं" म्हणून बघितलं, मी माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

कॅबिनेटच्या पत्रीला आतून एक कागद चिकटवलाय: सेल बदलल्याची तारीख, बायोसमधली हार्ड डिस्क जोडायची पद्धत, आणि खाली मोकळी जागा, ब्राउझरमध्ये जी ओळ घालीन ती तारखेसह लिहायला. अजून एकही लिहिलेली नाही.